समुद्राची नोंदवही कोणी लिहायची?

‘हौशी’ हा शब्द आपण दोन निरनिराळ्या सुरांत उच्चारतो. जत्रेच्या रात्री देवळासमोरच्या मांडवात उभे राहणारे नाटक हौशी मंडळींचे असते आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. गोव्यातील मराठी रंगभूमी पिढ्यान्‌पिढ्या जगवली ती शेतकरी, शिक्षक, कारकून, दुकानदार अशा, दिवसा दुसराच व्यवसाय करणाऱ्या माणसांनी, हे आपण कौतुकाने सांगतो. परंतु हाच शब्द विज्ञानाच्या किंवा वैद्यकाच्या दारात आला की त्याचा सूर बदलतो. हौशी माणसाने केलेले निरीक्षण म्हणजे गमतीखातर केलेले, विश्वास ठेवण्यास अपात्र, असे आपण न बोलताच गृहीत धरतो. पदवीधरांच्या या गृहीतकाला गेली तीस वर्षे छेद देणारा एक उपक्रम समुद्राच्या पाण्याखाली चालू आहे. प्रवाळभित्तींवरील मासे ओळखायला शिकून त्यांची पद्धतशीर पाहणी करणाऱ्या स्वयंसेवक पाणबुड्यांचा हा उपक्रम. समुद्राच्या कुशीत राहणाऱ्या आपणा गोमंतकीय डॉक्टरांनी त्याकडे गांभीर्याने पाहावे, असे मला वाटते. त्याची कारणे येथे मांडतो.

या कामाचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात आणि कॅरिबियन समुद्रात सुरू झाला. पॉल ह्युमन हे मूळचे वकील. पुढे वकिली सोडून ते केमन बेटांच्या परिसरात डायव्हिंगची बोट चालवू लागले. त्यांनी नेड डिलोच यांच्या सहकार्याने १९८९ साली त्या समुद्रातील माशांची ओळख करून देणारे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले आणि १९९० साली दोघांनी ‘रीफ एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशन फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. ती ‘रीफ’ या संक्षिप्त नावानेच ओळखली जाते. अमेरिकेत १९०० सालापासून दर नाताळात सामान्य पक्षिप्रेमी पक्ष्यांची गणना करीत आले आहेत. जमिनीवर जे पक्ष्यांबाबत शक्य झाले, ते पाण्याखाली माशांबाबत का होऊ नये, हा या दोघांचा प्रश्न होता. १९९३ पासून त्यांच्या स्वयंसेवकांनी नोंदी करण्यास प्रारंभ केला. आज त्या संग्रहात अडीच लाखांहून अधिक पाहण्या जमा आहेत. सुट्टीत पाण्यात उतरणाऱ्या नाना व्यवसायांच्या माणसांनी त्या केल्या आहेत.

एखाद्या प्राणिशास्त्रज्ञाला साहजिकच शंका येईल की, ही माणसे शेकडो जातींचे मासे ओळखणार कसे? येथे त्या पुस्तकाची रचना पाहण्यासारखी आहे. शास्त्रीय वर्गीकरणाची कुळे एकामागून एक न देता डोळ्यांना प्रथम जे दिसते, त्यावरून त्यात गट पाडले आहेत. थाळीसारखे चपटे, रंगीत मासे एका गटात; चंदेरी मासे दुसऱ्यात; भारदस्त अंगाचे आणि जाड ओठांचे तिसऱ्यात; छातीजवळचे पर वल्ह्यांसारखे मारीत पोहणारे, ठळक खवल्यांचे चौथ्यात. नवशिक्या आधी गट ठरवतो, मग त्या गटातील एकेक खूण तपासतो. आपण बालरोगतज्ज्ञ वेगळे काय करतो? आई मुलाला घेऊन येते ती ताप आणि अंगावरचे पुरळ घेऊन. विषाणूचे कूळ घेऊन येत नाही. पुरळ कोठून सुरू झाले, कितव्या दिवशी आले, डोळे लाल आहेत काय, या खुणांवरूनच आपण निदानाकडे जातो.

माझ्या शाखेला जवळची आणखी एक गोष्ट या विद्येत आहे. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस नव्हे, हे वाक्य आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी ऐकवतो. माशांच्या बाबतीत ते शब्दशः खरे आहे. आपल्या हिंदी महासागरातील ‘सम्राट’ एंजलफिशच्या पिल्लाच्या गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळे असतात. मोठा झाल्यावर त्याच माशाच्या अंगावर पिवळे पट्टे येतात. पिल्लू आणि प्रौढ यांना एकेकाळी स्वतंत्र जातींची नावे दिली गेली होती. कॅरिबियनमधील एका पोपटमाशाची मादी तांबड्या पोटाची, तर पूर्ण वाढलेला नर हिरवा. त्यांच्याही दोन जाती मानल्या जात. त्यात भर म्हणजे मादीचाच पुढे नर होऊ शकतो! केवळ रंगावर भिस्त ठेवणारा येथे फसतो. आकार, पोहण्याची रीत, शेपटीच्या मुळाशी असलेला ठिपका, डोळ्यावरून जाणारी रेघ अशा अनेक खुणा एकत्र जुळवाव्या लागतात. हे शिक्षण पुस्तकापेक्षा सरावाने होते आणि त्याला पदवी लागत नाही.

ओळख जमली की पाहणीची पद्धत सोपी आहे. तिची शिस्त मात्र कडक आहे. पाणबुड्या हातात पाटी आणि पेन्सिल घेऊन प्रवाळाभोवती मोकळेपणी पोहतो. खात्रीने ओळखलेली प्रत्येक जात तो लिहितो. ज्याविषयी शंका आहे, तो मासा कितीही सुंदर असला तरी लिहायचा नाही, हा पहिला नियम. नेमकी संख्या न लिहिता चार पायऱ्यांत प्रमाण नोंदवायचे: एकच दिसला, २ ते १०, ११ ते १००, १०० हून अधिक. जोडीला पाण्याखाली घालवलेला वेळ, खोली, पाण्याचे तापमान, किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसत होते, तळ कसा होता, हेही लिहायचे. चार पायऱ्यांची ही मोजणी पाहून कोणी नाक मुरडील. पण वेगाने हलणारे थवे एकेक करून मोजण्याचा आव आणण्यापेक्षा हे अधिक प्रामाणिक आहे. लघवीच्या तपासणीत आपण प्रथिनांसाठी एक, दोन, तीन अधिक चिन्हे लिहितो आणि त्यावर उपचाराची दिशा ठरवतो, तसेच हे आहे.

या पद्धतीचा खरा कस लागतो तो न दिसलेल्या माशांच्या बाबतीत. ओळखता येणारी प्रत्येक जात लिहायचीच असा नियम असल्याने, यादीत जी जात नाही तिच्या नसण्यालाही अर्थ येतो. भारतातून पोलिओ हटवताना आपण हाच धडा गिरवला आहे. पंधरा वर्षांखालील मुलात अचानक आलेला लुळेपणा कळवायचा आणि असा रुग्ण आला नाही तर ‘शून्य’ म्हणून दर आठवड्याला अहवाल पाठवायचा. त्या शून्याचा कंटाळा आपल्यापैकी अनेकांना आला असेल. परंतु देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, ते या असंख्य शून्यांच्या आधारावरच. कोणी पाहिलेच नाही आणि पाहूनही आढळले नाही, या दोहोंतील फरक फक्त नोंदवहीच सांगू शकते.

आता आक्षेपांचा विचार करू. हौशी माणसे रंगीत मासे टिपतात आणि फटीत दडणारे, वाळूच्या रंगाचे चिमुकले मासे त्यांच्या नजरेतून सुटतात. ती चांगल्या हवेत, चांगल्या ठिकाणीच जातात. उत्साहाच्या भरात नसलेला मासाही पाहतात. हे तिन्ही आक्षेप खरे आहेत. त्यांवर ‘रीफ’ने शोधलेला उपाय मला फार मोलाचा वाटतो. स्वयंसेवकांच्या पाच श्रेणी ठेवल्या आहेत. केलेल्या पाहण्या आणि ओळखीच्या परीक्षा यांवरून बढती मिळते. पहिल्या तीन श्रेणी नवशिक्यांच्या, शेवटच्या दोन तज्ज्ञांच्या, आणि प्रत्येक नोंदीबरोबर ती कोणत्या गटाने केली हे जतन केले जाते. म्हणजे नवख्याला दारातून परत पाठवले जात नाही आणि त्याची नोंद जाणत्याच्या नोंदीत मिसळूनही टाकली जात नाही. माणसाच्या पदवीऐवजी त्याच्या सिद्ध झालेल्या कौशल्यावर विश्वासाचे माप ठरवण्याची ही रीत आपल्या व्यवसायानेही अभ्यासावी अशी आहे.

अशा नोंदींचे फळ काय? केमन बेटांच्या परिसरात नासाऊ ग्रुपर हा मोठा मासा आहे. आपल्या गोब्र्याच्या कुळातला. एरवी एकेकटा राहणारा हा मासा हिवाळ्यातील पौर्णिमेनंतर ठरावीक जागी हजारोंच्या संख्येने जमून अंडी घालतो. ही जागा कोळ्यांना सापडली की काही हंगामांत सारी वसाहत संपते. कॅरिबियनमध्ये अनेक ठिकाणी तसे झाले. २००१ साली लिटल केमन बेटाच्या पश्चिम टोकाला सुमारे ७,००० माशांचा असा मेळावा सापडला आणि दोन हंगामांत त्यांतील सुमारे ४,००० पकडले गेले. ‘रीफ’चे स्वयंसेवक, शास्त्रज्ञ आणि तेथील सरकारचे पर्यावरण खाते यांनी मिळून पाण्याखाली मोजणी सुरू केली. २००३ साली सरकारने अंडी घालण्याच्या जागांवर मासेमारीस बंदी घातली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, सुमारे १५ वर्षांत लिटल केमनजवळील या माशांची संख्या तिपटीहून अधिक झाली. बंदी घालणे सरकारच्या हाती होते; ती उपयोगी पडत आहे की नाही, हे सांगणे वर्षानुवर्षे पाटी घेऊन उतरणाऱ्यांच्या हाती होते.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. टास्मानियात २००७ साली सुरू झालेल्या ‘रीफ लाइफ सर्व्हे’ या उपक्रमात निवडक स्वयंसेवकांना शास्त्रज्ञांबरोबर तयार केले जाते. ते ५० मीटरची दोरी तळाशी अंथरून तिच्या दोन्ही बाजूंच्या पाच-पाच मीटर पट्ट्यातील मासे आकारमानासह मोजतात. या नोंदींच्या आधारे २०१४ साली ‘नेचर’मध्ये ४० देशांतील ८७ सागरी संरक्षित क्षेत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मासेमारीस पूर्ण बंदी, तिची काटेकोर अंमलबजावणी, दहा वर्षांहून अधिक वय, १०० चौरस किलोमीटरहून मोठे क्षेत्र आणि खोल पाण्याने किंवा वाळूने लाभलेला वेगळेपणा, या पाच गोष्टींपैकी जेथे एक-दोनच होत्या, अशी ५९ टक्के क्षेत्रे मासेमारी चालू असलेल्या जागांपेक्षा वेगळी ओळखूही येत नव्हती. आपल्या शेजारचे मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ २९.१२ चौरस किलोमीटर आहे. नकाशावर रेघ ओढल्याने समुद्र राखला जात नाही. रेघेच्या आत आणि बाहेर काय आहे, ते वारंवार पाहावे लागते.

वारंवार पाहण्याचे महत्त्व बालरोगतज्ज्ञाला वेगळे सांगायला नको. एका दिवसाचे वजन फार थोडे सांगते. वाढीच्या तक्त्यावरील रेघ आडवी होऊ लागली की आपण सावध होतो. रोज मुलाला पाहणाऱ्या आजीला ते कळत नाही, कारण ती कालच्या मुलाशी आजच्याची तुलना करते. समुद्राच्या बाबतीत आपण सारे त्या आजीच्या जागी आहोत. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ साली दाखवून दिले की, प्रत्येक पिढी स्वतःच्या तरुणपणी पाहिलेला समुद्रच मूळचा मानते आणि ऱ्हासाचे मोजमाप तेथून सुरू करते. फ्लोरिडातील की वेस्ट येथे हौसेने गळ टाकणाऱ्या पर्यटकांची त्यांनी पकडलेल्या माशांबरोबरची छायाचित्रे धक्क्यावर काढली जात. १९५६ ते २००७ या काळातील अशा छायाचित्रांवरून लोरेन मॅक्लेनॅकन या संशोधिकेने हिशेब केला. माशाचे सरासरी वजन सुमारे २० किलोवरून २.३ किलोवर आले होते. छायाचित्रांतील माणसे मात्र तितक्याच आनंदाने हसत होती.

मला या विषयाची ओढ लागली ती गोव्यातच. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मी ग्रँड बेटापाशी प्रथमच पाण्याखाली गेलो. आम्ही सहा जण होतो. बोटीवर परतल्यावर कोणी काय पाहिले याची चर्चा निघाली. एकाने सांगितलेला काळा-पिवळा मासा दुसऱ्याच्या मते पांढरा होता. गोब्रा केवढा होता यावर तीन मते पडली. आणि किनाऱ्याला लागेपर्यंत सारे विषय बदलले. बोटीवर नावांची यादी होती, जोखीम मान्य असल्याचा कागद होता, छायाचित्रे भरपूर होती. पाहिलेल्या माशांची वही नव्हती. पावसाळा संपला की मे महिन्यापर्यंत अशा किती बोटी जातात, किती जोड्या डोळे पाण्याखाली उघडतात! तेवढे पाहणे दरवर्षी वाहून जाते. इकडे समुद्र तापतो आहे. १९९८, २०१० आणि २०१६ नंतर २०२४ मध्येही लक्षद्वीपची प्रवाळे पांढरी पडली. आपल्या किनाऱ्यावरील लहानशा प्रवाळवस्तीत काय बदलले, असे उद्या नातवंडांनी विचारले, तर आपण आठवणी सांगू. नोंद दाखवू शकणार नाही.

हे काम दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे आहे, आपले नव्हे, असे काहींना वाटेल. शास्त्रज्ञांची जागा हौशी माणसाने घ्यावी, असे माझे म्हणणे नाही. पद्धत त्यांनी ठरवावी, परीक्षा त्यांनी घ्यावी, निष्कर्ष त्यांनी काढावेत. परंतु दर आठवड्याला, दर हंगामात, दहा-वीस वर्षे एकाच जागी उतरत राहणे कोणत्याही संस्थेच्या मनुष्यबळाला झेपणारे नाही. वैद्यकात आपण हे पाहिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी थोडेफार शिकलेल्या खेड्यातील स्त्रियांना नवजात बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार, ३९ गावांत नवजात बालमृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्त्यांच्या द्वारे घरोघरची नवजात शिशुसेवा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाली. मिनिटाला ६० हून अधिक श्वास मोजण्यासाठी एम. डी. व्हावे लागत नाही. नीट शिकवणारा, तपासून पाहणारा आणि नोंदीवर विश्वास ठेवणारा कोणीतरी मात्र लागतो.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे मला अवश्य वाटते. स्कूबा डायव्हिंग हा खर्चिक छंद आहे. तो परवडणाऱ्यांनीच समुद्राची वही लिहिली तर ती अपुरी राहील. रापणकार आणि गळाने मासेमारी करणारे यांच्याइतके या किनाऱ्याचे ज्ञान कोणाला आहे? कोणता मासा कोणत्या नक्षत्रात कोठे लागतो, कोणता पूर्वी मिळे आणि आता मिळत नाही, हे त्यांच्या बोलण्यात असते. त्यांची नावे, त्यांच्या खुणा आणि त्यांची माणसे या कामात पहिल्या दिवसापासून हवीत. अन्यथा, मोजणारे वेगळे आणि बंदी सोसणारे वेगळे असा दुरावा निर्माण होईल आणि नोंदीवरचा विश्वासच उडेल. शिवाय ज्यांना पाण्यात उतरणे शक्य नाही त्यांच्यासाठीही वाट आहे. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमात २०१७ पासून सामान्य मुंबईकर ओहोटीच्या वेळी खडकांतील जीव पाहतात आणि नोंदवतात. लहान मुलांसाठी मला तोच मार्ग अधिक योग्य वाटतो.

आपल्या संघाने काय करावे? डायव्हिंगला जाण्यापूर्वी कान, सायनस, दमा यांची तपासणी करून तंदुरुस्तीचा दाखला आपणच देतो; तेव्हा या विश्वाशी आपला संबंध आहेच. समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांना आणि काही जाणत्या मच्छीमारांना एकत्र बोलावून ग्रँड बेटाजवळ हमखास ओळखता येतील अशा तीस-चाळीस जाती निवडाव्यात. त्यांचे मराठी व कोकणी नावांसह, पिल्लाच्या आणि मोठ्या माशाच्या चित्रांसह, पाण्यात न भिजणारे कार्ड छापावे. त्याचा खर्च एखाद्या वार्षिक स्नेहमेळाव्याहून अधिक येणार नाही. ओळख शिकवण्याचा वर्ग पावसाळ्यात, बोटी बंद असताना घ्यावा, परीक्षा ठेवावी, आणि ऑक्टोबरपासून, उत्तीर्ण झालेल्यांच्या हाती पाटी द्यावी. पहिल्या दोन-तीन हंगामांत यातून कोणताही निष्कर्ष निघणार नाही, हे आधीच मान्य करावे. लसीकरणाच्या कार्डाची पहिली ओळ लिहिताना आपण निष्कर्षाची घाई करतो काय?

आपल्या पूर्वसूरींना हे नवीन वाटले नसते. १८८३ साली मुंबईत ज्या आठ जणांनी ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली, त्यांत दोन मराठी डॉक्टर होते. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि दुसरे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. दवाखाना सांभाळून निसर्गाची नोंद ठेवणे त्यांना आपल्या प्रतिष्ठेला कमी आणणारे वाटले नाही. त्या काळी देशात निसर्ग अभ्यासणाऱ्या संस्था मोजक्या होत्या, तरी ते थांबले नाहीत. आपल्या दारात तर समुद्र आहे आणि त्याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्थाही आहे. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी कार्यकारिणीला माझी नम्र विनंती आहे.